स्वयंसेवी संस्थांच्या कार्यालयीन कामातील कृत्रिम बुद्धिमत्ता साहाय्यक

स्वयंसेवी संस्थांच्या कार्यालयीन कामातील कृत्रिम बुद्धिमत्ता साहाय्यक या संज्ञेत चॅटजीपीटी, जेमिनी, कोपायलट, क्लॉड यांसारख्या संवादी संगणकप्रणालींचा समावेश होतो. पत्रव्यवहार, सभांची इतिवृत्ते, प्रकल्प प्रस्ताव, वार्षिक अहवाल, भाषांतर आणि नोंदींची जुळवाजुळव अशा दैनंदिन कामांसाठी ना-नफा संस्था त्यांचा वापर करतात. या प्रणाली लिखित किंवा बोललेली सूचना घेतात आणि मजकूर, तक्ता किंवा सारांश तयार करून देतात. अपुरे मनुष्यबळ आणि वाढती कागदपत्रे या पेचात सापडलेल्या लहान संस्थांना त्यांचा उपयोग होतो. मात्र संस्थांकडे असलेली माहिती बहुधा दुर्बल घटकांची, बालकांची किंवा अत्याचारपीडितांची असते. त्यामुळे गोपनीयता आणि अचूकता हे प्रश्न येथे अन्य कार्यालयांपेक्षा अधिक गंभीर ठरतात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील स्वयंसेवी संस्था प्रामुख्याने महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० आणि संस्था नोंदणी अधिनियम, १८६० यांखाली नोंदलेल्या असतात. काही संस्था कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खाली स्थापन होतात. नोंदणीनंतर कागदपत्रांची एक अखंड साखळी सुरू होते. विश्वस्त बदलल्यास धर्मादाय आयुक्त कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो, दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, आयकर सवलतीसाठी देणग्यांचे विवरण द्यावे लागते आणि अनुदान देणाऱ्या प्रत्येक संस्थेला तिच्या नमुन्यात अहवाल व उपयोगिता प्रमाणपत्र पाठवावे लागते. कंपनी अधिनियमाच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वाच्या कामांवर खर्च करावी लागते. या निधीसाठी अर्ज करणाऱ्या संस्थांकडून तपशीलवार, बहुधा इंग्रजी प्रस्तावांची अपेक्षा असते.

दुसरीकडे कार्यालयावर खर्च करण्याची मुभा मर्यादित असते. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० मध्ये २०२० साली झालेल्या दुरुस्तीने विदेशी निधीतून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. अनेक देशी देणगीदारही क्षेत्रीय कामासाठी पैसे देण्यास तयार असतात, परंतु लिपिकाच्या किंवा हिशेबनिसाच्या वेतनासाठी देण्यास नाखूष असतात. परिणामी गावोगावी फिरणारा कार्यकर्ताच रात्री कार्यालयात बसून अहवाल लिहितो, असे चित्र लहान संस्थांत नेहमीचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता साहाय्यकांचे आकर्षण या परिस्थितीतून निर्माण झाले आहे.

ओपनएआय या कंपनीने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वसामान्यांसाठी खुले केले. मार्च २०२३ मध्ये गूगलचे बार्ड आणि अँथ्रॉपिकचे क्लॉड आले. बार्डचे नाव फेब्रुवारी २०२४ मध्ये जेमिनी असे करण्यात आले. मायक्रोसॉफ्टने वर्ड, एक्सेल, आउटलुक यांसारख्या कार्यालयीन साधनांत कोपायलट जोडले. त्यामुळे असे साहाय्यक वेगळे शोधून वापरण्याची गरज कमी झाली. रोजच्या साधनांतच ते उपलब्ध होऊ लागले.

कार्यपद्धती

या साहाय्यकांच्या मुळाशी ‘लँग्वेज मॉडेल’ म्हणजेच भाषा प्रारूप असते. गूगलमधील संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या रचनेवर आजची बहुतेक प्रारूपे आधारलेली आहेत. प्रचंड प्रमाणातील मजकुरावरून शब्दांच्या परस्परसंबंधांचे गणित प्रारूप शिकते आणि दिलेल्या मजकुरानंतर कोणता शब्दखंड येण्याची शक्यता अधिक आहे, हे ठरवत उत्तर रचत जाते.

या कार्यपद्धतीतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली म्हणजे, साहाय्यकाला संस्थेची फाइल, ठराव किंवा गावाची परिस्थिती ठाऊक नसते. जी माहिती सूचनेत दिली जाते किंवा सोबत जोडली जाते, तेवढीच त्याच्यापुढे असते. दुसरी म्हणजे, माहिती अपुरी असेल तर प्रारूप थांबेलच असे नाही. तशा प्रकारच्या मजकुरात सहसा जे लिहिलेले असते, त्यावरून ते रिकामी जागा भरते. प्रस्तावात लाभार्थ्यांची संख्या दिली नसेल, तर शोभेल अशी संख्या लिहिली जाण्याचा संभव असतो. असा मजकूर व्याकरणशुद्ध आणि आत्मविश्वासपूर्ण असल्यामुळे त्यातील चूक चटकन लक्षात येत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे अन्य प्रकार यापासून वेगळे समजले जातात. उदाहरणार्थ, माता व बालकांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या मुंबईतील ‘अरमान’ या संस्थेने गूगलच्या संशोधकांबरोबर एक प्रणाली वापरली. आरोग्यविषयक ध्वनिसंदेश ऐकणे कोणत्या माता बंद करण्याची शक्यता आहे, याचा अंदाज घेऊन कार्यकर्त्यांनी कोणाला प्रत्यक्ष फोन करावा हे ती सुचवते. ती अंदाज वर्तवणारी प्रणाली आहे. मजकूर रचणारा कार्यालयीन साहाय्यक हा त्याहून निराळा प्रकार होय.

प्रमुख उपयोग

इतिवृत्त व ठराव

कार्यकारिणीच्या सभेतील टिपणे किंवा ध्वनिमुद्रण देऊन इतिवृत्ताचा कच्चा मसुदा करून घेणे, हा सर्वाधिक सोयीचा उपयोग मानला जातो. विषयपत्रिकेनुसार मांडणी, पुनरुक्ती काढणे आणि पुढील कामांची यादी ही कामे साहाय्यक जलद करतो. तथापि इतिवृत्त हा संस्थेचा कायदेशीर अभिलेख असतो. ‘चर्चा झाली व मान्य’ एवढेच टिपण असेल, तर मसुद्यात ‘ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला’ असे रूढ वाक्य येऊ शकते. प्रत्यक्षात एखाद्या सदस्याने विरोध नोंदवला असेल किंवा ठरावाला अनुमोदन कोणी दिले हे टिपणात नसेल, तर असे वाक्य पुढे वादाचे कारण ठरते. म्हणून सूचक, अनुमोदक, उपस्थिती, गणपूर्ती आणि विरोधी मत या बाबी मूळ टिपणाशी ताडून पाहाव्या लागतात. अंतिम मजकुरावरील सही आणि जबाबदारी सचिव व अध्यक्षांचीच राहते.

प्रस्ताव व अहवाल

एकाच कामाची माहिती निरनिराळ्या देणगीदारांना निरनिराळ्या नमुन्यांत, शब्दमर्यादांत आणि भाषांत द्यावी लागते. तयार अहवाल लहान करणे, प्रश्नावलीनुसार त्याची विभागणी करणे, अर्जातील अटींची तपासणी यादी काढणे आणि मसुद्यात राहून गेलेले मुद्दे दाखवणे ही कामे साहाय्यक चांगली करू शकतो. कारण या सर्व कामांत मूळ माहिती संस्थेनेच पुरवलेली असते. याउलट ‘पाणलोट विकासावर प्रस्ताव लिहा’ अशी उघडी सूचना दिल्यास कोणत्याही जिल्ह्याला लागू पडेल असा सर्वसाधारण मजकूर मिळतो. अशा प्रस्तावात गावाचे पर्जन्यमान, विहिरींची स्थिती, ग्रामसभेचा सहभाग आणि संस्थेचा पूर्वानुभव यांपैकी काहीच नसते.

भाषांतर

मराठीतील क्षेत्रीय नोंदी इंग्रजीत नेणे आणि इंग्रजीतील करारनामे, मार्गदर्शक सूचना मराठीत आणणे यांसाठी साहाय्यकांचा मोठा वापर होतो. सर्वसाधारण गद्याचे भाषांतर बऱ्याच अंशी समाधानकारक असते. अडचण येते ती स्थानिक आणि व्यवसायविशिष्ट शब्दांची. ऊसतोड मजुरांमध्ये ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नसते. मजुरीच्या व्यवहारात एक जोडपे म्हणजे ‘एक कोयता’ आणि एकटा मजूर म्हणजे ‘अर्धा कोयता’ समजला जातो. ‘उचल’ म्हणजे मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम. या शब्दांचे कोशातील अर्थाने भाषांतर झाले, तर ‘शंभर कोयते स्थलांतरित झाले’ या नोंदीचा अर्थच हरवतो आणि दोनशे माणसे अहवालातून नाहीशी होतात. ‘एकल महिला’ या शब्दात विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित आणि अविवाहित अशा स्त्रियांचा समावेश असतो. इंग्रजीत केवळ ‘सिंगल’ म्हटल्यास वाचणारा त्याचा अर्थ अविवाहित असा घेऊ शकतो. यावर उपाय म्हणून अशा शब्दांची अर्थासह एक यादी करून ती प्रत्येक सूचनेसोबत दिली जाते.

देणगीदारांशी पत्रव्यवहार

पोचपत्र, स्मरणपत्र, निमंत्रण, आभारपत्र यांचे नमुने तयार करण्यासाठी साहाय्यक वापरले जातात. देणगीवरील आयकर सवलतीच्या प्रमाणपत्रासारख्या वैधानिक दस्तऐवजांत मात्र रक्कम, स्थायी खाते क्रमांक, दिनांक आणि नोंदणी क्रमांक हे तपशील थेट हिशेबप्रणालीतून घेणे आवश्यक असते. ते साहाय्यकाकडून लिहून घेतले जात नाहीत.

आकडे व नोंदी

भाषा प्रारूपे मजकूर रचण्यात जितकी तरबेज असतात, तितकी लांब बेरजांत विश्वासार्ह नसतात. त्यामुळे किर्द किंवा खतावणीतील रकमांची बेरीज थेट विचारण्याऐवजी एक्सेलमध्ये वापरावयाचे सूत्र विचारणे अधिक सुरक्षित ठरते. सूत्र तपासता येते, पुन्हा वापरता येते आणि लेखापरीक्षकाला दाखवता येते. एकाच गावाचे नाव निरनिराळ्या प्रकारे लिहिले गेले असल्यास अशा नोंदी शोधणे, दुबार नावे दाखवणे ही कामेही करता येतात. तथापि दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत की नाहीत, याचा निर्णय त्या गावात काम करणाऱ्या व्यक्तीनेच करावा लागतो.

मराठी भाषेसंबंधीचे प्रश्न

भाषा प्रारूप मजकुराचे ‘टोकन’ नावाचे तुकडे पाडून काम करते. आरंभीच्या प्रारूपांत देवनागरी मजकुराचे इंग्रजीच्या तुलनेत पुष्कळ अधिक तुकडे पडत. त्यामुळे तेवढाच मजकूर मराठीत अधिक खर्चिक होई आणि लांब दस्तऐवज मर्यादेत बसत नसे. मे २०२४ मध्ये आलेल्या जीपीटी-४ओ या प्रारूपात तुकडे पाडण्याची पद्धत सुधारण्यात आली. ओपनएआयने दिलेल्या नमुन्यात मराठी मजकुराचे तुकडे पूर्वीच्या सुमारे एक-तृतीयांश इतके कमी झाले.

दुसरा प्रश्न जुन्या फॉन्टचा आहे. महाराष्ट्रातील अनेक संस्थांचे जुने अहवाल युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले आहेत. अशा फाइलीत पडद्यावर मराठी अक्षर दिसत असले, तरी आत रोमन किंवा अन्य चिन्हांचे संकेत साठवलेले असतात. साहाय्यकाला ती फाइल दिल्यास त्याच्यापर्यंत अर्थहीन चिन्हे पोहोचतात. कधी तो असमर्थता व्यक्त करतो, तर कधी तर्काने भलताच मजकूर रचतो. त्यामुळे अशा फाइली आधी परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणून जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासणे आवश्यक असते. हस्तलिखित नोंदवह्यांच्या छायाचित्रांवरून अक्षरे ओळखतानाही नावे आणि अंक यांत चुका होतात. देवनागरी ‘१’ आणि ‘९’ यांची गफलत हिशेबात महाग पडू शकते.

तिसरा प्रश्न शैलीचा. साहाय्यकांच्या मराठीत हिंदी वळणाचे शब्द, इंग्रजी वाक्यरचनेची छाया आणि सरसकट शासकीय थाट आढळतो. बचत गटाच्या सदस्यांना पाठवायच्या सूचनेत ‘सदर बाबतीत अवगत करण्यात येते’ अशी भाषा आल्यास ती वाचली जाण्याची शक्यता कमी होते. ज्यांच्यासाठी मजकूर आहे, त्यांच्यापैकी एखाद्या व्यक्तीला तो वाचून दाखवणे ही साधी कसोटी येथे उपयोगी पडते.

भारतीय भाषांसाठी शासकीय आणि शैक्षणिक पातळीवरही काम झाले आहे. केंद्र शासनाचा ‘भाषिणी’ हा उपक्रम जुलै २०२२ मध्ये सुरू झाला. मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘एआय४भारत’ या केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘इंडिकट्रान्स२’ हे मुक्त भाषांतर प्रारूप मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषा हाताळते.

गोपनीयता व कायदा

स्वयंसेवी संस्थेच्या कार्यालयात येणारी माहिती विश्वासाने दिलेली असते. समुपदेशन केंद्रातील स्त्रीची हकिकत, बालगृहातील मुलाचा पूर्वेतिहास, रुग्णाचा वैद्यकीय अहवाल यांचा सारांश करून घेण्यासाठी तो मजकूर साहाय्यकाला दिला की तो संस्थेबाहेरील संगणकावर पोहोचतो. वैयक्तिक खात्यावरील संभाषणे, खात्यातील निवडीनुसार, पुढील प्रारूपांच्या प्रशिक्षणासाठी वापरली जाऊ शकतात. संस्थात्मक सशुल्क खात्यांत सर्वसाधारणपणे तसा वापर न करण्याची हमी असते. परंतु कर्मचारी आपल्या मोबाइलवरील खाते वापरत असेल, तर संस्थेने घेतलेल्या हमीचा उपयोग होत नाही.

भारतात काही प्रकारच्या माहितीला कायद्याचे विशेष संरक्षण आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम २३ नुसार आणि बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार संबंधित बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. केवळ नावच नव्हे, तर पत्ता, शाळा, कुटुंब असे ओळख पटवणारे तपशीलही त्यात येतात. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा संबंधित व्यक्तीच्या स्थितीविषयी गुप्तता राखण्यास सांगतो.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात. संस्था ना-नफा आहे एवढ्यावरून तिला या कायद्यातून सूट मिळत नाही. कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक समजली जाते आणि तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घ्यावी लागते. याला ठरावीक अपवाद आहेत. सुरक्षिततेच्या उपायांत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

केवळ नाव खोडल्याने ओळख लपत नाही. ‘अमुक पाड्यावरील आश्रमशाळेत सातवीत शिकणारी, वडील नसलेली मुलगी’ एवढ्या वर्णनावरून तिच्या परिसरातील कोणालाही ती ओळखता येते. त्यामुळे अशा प्रकरणांचा मूळ मजकूर साहाय्यकाला न देता केवळ अहवालाचा आराखडा त्याच्याकडून घेणे आणि तपशील कार्यालयातच भरणे, ही पद्धत अधिक सुरक्षित ठरते.

उल्लेखनीय घटना

अमेरिकेतील आहारविकारांसंबंधी काम करणाऱ्या ‘नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन’ या संस्थेने २०२३ मध्ये आपली अनेक वर्षे चाललेली दूरध्वनी मदतसेवा बंद करण्याचे जाहीर केले. तेथील कर्मचाऱ्यांनी नुकतीच संघटना स्थापन केली होती. त्याच सुमारास संस्थेची ‘टेसा’ ही संवादप्रणाली रुग्णांना वजन घटवण्याचे, म्हणजे त्यांच्या आजारात अपायकारक ठरणारे, सल्ले देत असल्याचे उघड झाले आणि मे २०२३ च्या अखेरीस ती बंद करावी लागली. टेसा मुळात आधीच लिहून ठेवलेली उत्तरे देणारी प्रणाली होती. ती चालवणाऱ्या कंपनीने नंतर तिच्यात मजकूर रचण्याची क्षमता जोडली होती. हे उदाहरण कार्यालयीन कामाचे नसले, तरी मनुष्याच्या जागी यंत्र आणण्याच्या आणि पुरवठादाराने केलेल्या बदलांकडे दुर्लक्ष करण्याच्या धोक्यासाठी ते वारंवार दिले जाते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातील गोळीबारानंतर व्हँडरबिल्ट विद्यापीठातील एका कार्यालयाने विद्यार्थ्यांना सांत्वनपर पत्र पाठवले. ते चॅटजीपीटीच्या आधारे लिहिल्याची टीप पत्राखाली होती. विद्यार्थ्यांच्या तीव्र नाराजीनंतर कार्यालयाने क्षमा मागितली. त्याच वर्षी ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवाधिकार संघटनेच्या एका शाखेने कोलंबियातील २०२१ च्या निदर्शनांविषयी कृत्रिमरीत्या तयार केलेली चित्रे प्रसृत केली. आंदोलकांची ओळख लपवणे हा त्यामागील हेतू असल्याचे सांगण्यात आले. परंतु खऱ्या अत्याचारांच्या पुराव्यांवरील विश्वास अशा चित्रांनी उणावतो, अशी टीका झाल्यावर ती काढून टाकण्यात आली. जून २०२३ मध्ये न्यू यॉर्कमधील एका न्यायालयाने चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला.

भारतात केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन उपकरणांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत, अशी सूचना आपल्या कर्मचाऱ्यांना दिली. शासकीय माहितीची गोपनीयता हे त्याचे कारण होते.

वापराविषयीचे संकेत

संस्थेने या विषयावर एक-दोन पानांचे लेखी धोरण कार्यकारिणीच्या ठरावाने स्वीकारणे इष्ट मानले जाते. अशा धोरणात सामान्यतः पुढील बाबी येतात :

१. कोणती माहिती साहाय्यकाला कधीही द्यायची नाही याची यादी. उदाहरणार्थ, लाभार्थींची नावे, आधार क्रमांक, बँक खाती, वैद्यकीय व न्यायालयीन कागदपत्रे, बालकांची छायाचित्रे.
२. कोणते खाते वापरायचे आणि ते कोणाच्या नावावर असेल. वैयक्तिक खात्यांचा वापर टाळणे.
३. प्रत्येक संख्या, नाव, दिनांक, कायद्याचे कलम आणि उद्धरण मूळ कागदाशी पडताळणे व पडताळणाऱ्या व्यक्तीची आद्याक्षरे नोंदवणे.
४. सांत्वन, तक्रारीचे उत्तर, सेवासमाप्ती, लाभार्थींची निवड किंवा नकार या बाबी माणसानेच हाताळणे.
५. देणगीदाराच्या अटींत साहाय्यकाचा वापर जाहीर करण्यास सांगितले असल्यास तसे करणे.

टीका व मतभेद

समर्थकांच्या मते इंग्रजीवर प्रभुत्व असलेल्या शहरी संस्था आणि ग्रामीण संस्था यांच्यातील अंतर या साधनांमुळे कमी होते. ज्या संस्थेचे काम सकस आहे, पण ज्यांना ते इंग्रजीत मांडता येत नाही, अशांना निधीची दारे उघडतात. टीकाकारांच्या मते मात्र सगळेच प्रस्ताव गुळगुळीत झाल्यास देणगीदार अधिक कागद मागतील आणि वाचलेला वेळ पुन्हा कागदांतच जाईल. खरा दोष अवास्तव अहवालांच्या मागणीत असून यंत्राने तो झाकला जातो, असाही मुद्दा मांडला जातो.

आणखी एक आक्षेप संस्थांच्या स्मृतीविषयी आहे. क्षेत्रभेटीचा अहवाल लिहिताना कार्यकर्ता काय पाहिले याचा विचार करतो. ती प्रक्रिया यंत्राकडे गेली, तर अहवाल उरतो, पण त्यातून होणारे शिक्षण उरत नाही. नव्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात पहिला मसुदा स्वतः लिहावा आणि साहाय्यकाचा उपयोग नंतरच्या संस्करणापुरता ठेवावा, अशी सूचना यासाठी केली जाते. प्रारूपे चालवण्यासाठी लागणारी वीज व पाणी आणि मोजक्या परदेशी कंपन्यांवरील अवलंबित्व हेही चर्चेतील विषय आहेत.

हेही पाहा

कृत्रिम बुद्धिमत्ता
चॅटजीपीटी
स्वयंसेवी संस्था
धर्मादाय आयुक्त, महाराष्ट्र
युनिकोड
यांत्रिक भाषांतर